गाडी घाटात गरम होतेय आणि डॅशबोर्डवर काटाच नाही, मदत हवी आहे

मंडळी जरा सांगा. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, टेंपरेचरचा काटाच नाहीये, इंजिन थंड असलं की निळा दिवा आणि फार तापलं की लाल, मधलं काहीच कळत नाही (काटा काढून काय वाचवलं देव जाणे). परवा चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात एसी चालू, पाच माणसं, पुढे ट्रक, आणि लाल दिवा लागला. बाजूला घेतली, पाऊण तास थांबलो, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, मित्राचा हात भाजलेला बघितलाय. नंतर बघतो तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिनिममच्या खाली, बिसलरीचं पाणी टाकून कसेबसे घरी आलो.

आता ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये दाखवतो तो) लावलाय. सपाट रस्त्याला कूलंटचं टेंपरेचर ८८-९२ डिग्री दाखवतो, ट्रॅफिकमध्ये ९८ ला फॅन सुरू होऊन परत उतरतं, पण चढाला १०६ पर्यंत जातं. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (टेंपरेचरप्रमाणे कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकू, मला ते काही पटत नाही.

अ‍ॅपमध्ये अलार्म कितीला लावू, १०२ की १०५? आणि खाली गळतीचा डाग नसताना कूलंट कमी होतंय म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं का? पुढच्या आठवड्यात परत चिपळूणला जायचंय हो