सायन: जेरुसलेमचा डोंगर की आपली शीव?

सात_अठ्ठावन:
स्लो लोकलने माटुंगा सोडलं की बाई सांगते, 'पुढील स्टेशन, शीव.' पाठोपाठ हिंदीत 'सायन'. काल शेजारच्या काकांनी ठासून सांगितलं, सायन म्हणजे बायबलातला सीयोन, जेरुसलेमचा डोंगर. पाद्र्यांनी टेकडीवर चॅपल बांधलं, त्यावरून नाव. अहो, शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची हद्द इथे संपायची, खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. इंग्रजांनी १६६९ ते १६७७ मध्ये सायनचा किल्ला बांधला तोही याच हद्दीवर. आमचं गावचं शेतसुद्धा 'शिवेला' आहे. त्यासाठी कोणी जेरुसलेमला गेलं नव्हतं!

वसईकर:
एवढं चिडायला काय झालं? खुद्द सीयोन तरी कुठे जागेवर राहिला? दाविद राजाने तिथल्या आधीच्या यबूसी लोकांकडून जिंकलेला सीयोनचा गड जेरुसलेमच्या आग्नेयेच्या टेकाडावर होता. पुढे मंदिराच्या टेकडीला तेच नाव पडलं. मग ते नाव नैऋत्येच्या उंच टेकडीवर गेलं, आज पर्यटकांना माउंट झायन (सीयोनचंच इंग्रजी रूप) म्हणून तीच दाखवतात. एकाच गावात तीन पत्ते. पाद्र्यांनी मुंबईत चौथा दिला तर बिघडलं काय?

सात_अठ्ठावन:
बिघडलं काही नाही, पण त्या चॅपलचा एक दगड तरी दाखवा.

रानवाट:
बिघडतं, वसईकर. अमेरिकेत युटातलं झायन नॅशनल पार्क घ्या. तिथे पिढ्यान् पिढ्या दक्षिण पायूट हे मूळनिवासी लोक राहत होते. १८६३ च्या सुमारास आयझॅक बेहुनिन नावाच्या मॉर्मन (एका ख्रिस्ती पंथाच्या) शेतकऱ्याने दरीत लाकडी खोपट बांधलं आणि जागेला झायन म्हणू लागला. १९०९ मध्ये सरकारने दरीला संरक्षण दिलं तेव्हा पायूट नाव ठेवलं होतं, मुकुंतुवीप. दहा वर्षं टिकलं नाही. १९१९ मध्ये नॅशनल पार्क झालं ते झायन म्हणूनच. गंमत म्हणजे मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग तिथे गेला तेव्हा 'हे काही झायन नव्हे' म्हणाला, असं सांगतात. पोकळ नाव नसतं हे, मालकीची पाटी असते.

वसईकर:
मालकी कसली? घर सोडून आलेल्या माणसाने देवाचं नाव दिलं, एवढंच. पंढरपूर लांब पडतं म्हणून आपण गावोगावी प्रतिपंढरपूर करतोच ना?

रानवाट:
करतो. पण पाटीवरचं आधीच्या माणसाचं नाव खोडून नाही.

कुर्लेकर:
दोघेही कान द्या. पोर्तुगीज माझगावला 'मझगांव' असं नाकात म्हणत, इंग्रजांनी त्याचं 'माझगॉन' केलं. 'ग्राम'चं 'गांव' झालं तसंच 'सीमा'चं जुन्या मराठीत 'शींव' झालं. त्याच वाटेने शींवचं 'सियांव' होणार, आणि पोर्तुगीजमध्ये सीयोनला नेमकं असंच काहीसं म्हणतात! हा माझा तर्क, ताम्रपट नाही. शब्द आपला, आणि पाद्र्याला ऐकू आला जेरुसलेमचा डोंगर. म्हणजे टेकडीला नाव द्यायला चॅपलची गरजच नव्हती.

वसईकर:
हे पटलं. अर्धं.

सात_अठ्ठावन:
काकांना माझगावचं उदाहरण देऊन आलो. म्हणाले, "मग माझगावही असेल बायबलात, नीट शोध."