जीआय पाइप घरी वेल्ड करायचे आहेत, धुराबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी नाशिकला, म्हसरूळच्या बाजूला राहतो. गच्चीवर दोडका, कारली आणि द्राक्षाचा एक वेल चढवायला १२ बाय १० फुटांचा मांडव करायचा आहे. दिंडोरीजवळ आमच्या मळ्यातल्या विहिरीवरची जुनी लाइन काढली, तिचे एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप पडून आहेत. काहींवर निळा पट्टा अजून दिसतो, म्हणजे बी क्लास, जाडी ३.२ मिमी. इतका चांगला माल भंगारात द्यायला जीव होत नाही.

घरी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आहे, रॉड ६०१३, अडीच मिमीचे. एमएसची (साध्या लोखंडाची) कामं हौसेने करतो: कुंड्यांचे स्टँड, जिन्याचं रेलिंग, गोठ्याचं फाटक. जीआयवर मात्र अजून टाका मारलेला नाही. ओळखीचे एक ग्रिलवाले म्हणतात, "गुळाचा खडा खा, वर दूध पी, काही होत नाही." दुसरे म्हणतात, हातच लावू नको, रात्री थंडी वाजून ताप भरतो. दोघंही कामाला पक्के आहेत, त्यामुळे कुणाचं ऐकावं कळेना.

खरी काळजी पुतण्याची आहे. पंधरा वर्षांचा आहे आणि मशीन सुरू झालं की पाइप धरायला तोच पुढे येतो. पावसामुळे काम खालच्या पार्किंगमध्ये, शटर अर्धं ओढून करायचा विचार होता. हा धूर नेमका किती वाईट? जस्त काढायचं तर ग्राइंडरने की ॲसिडने? आणि जस्त गेल्यावर सांधा गंजेल त्याचं काय?

सातपूरकर
दादा, शटर ओढून अजिबात करू नका. बाकीचं नंतर.

जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे सांधा धरायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. हवा लागताच तिचं झिंक ऑक्साइड होतं: पांढरा दाट धूर, आणि त्यात कापसासारखे पांढरे तंतू तरंगतात. मी सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये बरीच वर्षं काढली, आमच्याकडेही गूळ वाटायचे. गूळ-दूध पोटात जातं, धूर छातीत जातो. त्याने धूर अडत नाही.

ताप लगेच येत नाही, म्हणून लोकांना त्याचा संबंध लागत नाही. दुपारी काम केलं की चार ते दहा तासांनी, बहुधा रात्री, घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची गोडसर चव येते, हुडहुडी भरते, अंग मोडून येतं. बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो. पण दम लागला किंवा छाती आवळल्यासारखी वाटली तर घरी थांबू नका. दवाखान्यात जा आणि जीआय वेल्ड केलं होतं हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

तुमचा पाइप विहिरीवरचा आहे, म्हणून आणखी एक. सांध्याच्या आट्यांवर सूत आणि सफेदा (गळती थांबवायची पांढरी पेस्ट) लावलेला असतो. जुन्या सफेद्यात शिसं असू शकतं, जुन्या गॅल्वनायझिंगमध्येही थोडं असतं. आट्यांची टोकं आधी कापून टाका, ती जाळू नका. आणि पुतण्याला त्या दिवशी जवळ उभं करू नका. पाइप धरायला दोन सी-क्लॅम्प पुरतात.

गोदाकाठ
ॲसिड नको. जस्त विरघळतं हे खरं, पण त्यात हायड्रोजन सुटतो, तोही ठिणग्यांच्या कामाजवळ. शिवाय पाइपच्या आत राहिलेलं ॲसिड पुढे आतूनच खात राहतं. पाइप पुसायला ब्रेक क्लीनरचा स्प्रेही वापरू नका. त्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट असेल तर आर्कसमोर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, तो जिवावर बेततो.

निफाडची माधवी
भाऊ, सगळे सांधे वेल्डच का करायचे? आमच्याकडे पॉलिहाऊस उभं केलं तेव्हा अख्खा सांगाडा क्लॅम्प आणि नट-बोल्टवर बसवला. लावणाऱ्यांनी सांगितलं, वेल्डिंगने जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. एक इंची पाइपला यू-बोल्ट सहज मिळतात. पुढे वेल बदलायचा झाला तर मांडव खोलताही येतो.

मूळ प्रश्नकर्ता
माधवीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. वरचे आडवे पाइप यू-बोल्टनेच बसवतो. वेल्डिंग आता फक्त चार खांबांच्या खाली, एमएसच्या बेसप्लेटपुरतं राहतं. सातपूरकर, तेवढ्यासाठी जस्त किती लांबपर्यंत घासू? आणि मास्क कोणता? कोविडच्या वेळचे सर्जिकल मास्क घरात आहेत.

सातपूरकर
हे फार चांगलं झालं, धुराचं काम चार टोकांवर आलं.

टोकापासून दोन इंच पाइप ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून घासा. जस्ताचा राखाडी थर जाऊन लोखंड चकचकीत दिसलं पाहिजे. आतलं जस्त बरेच जण विसरतात आणि मग बाहेरून स्वच्छ पाइप आतून धूर ओकतो. आत गोल कानस फिरवा. सगळं निघणार नाही, म्हणून मास्क लागतोच. सर्जिकल मास्क किंवा ओला रुमाल याला चालत नाही. निदान एन९५, तोही घासतानापासून. पी१०० (एन९५ पेक्षा बारीक गाळणाऱ्या) फिल्टरचा हाफ मास्क हेल्मेटखाली बसत असेल तर तो जास्त चांगला. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, मास्कचा उपयोग राहत नाही.

पाऊस थांबून गच्ची कोरडी झाली की काम उघड्यावर करा. ओल्या स्लॅबवर होल्डर हातात धरू नका, शॉक बसेल. पंखा बाजूने लावा, धूर तोंडावरून न जाता आडवा गेला पाहिजे, आणि वाकून सांध्याच्या वर डोकं आणू नका. पाइपची दोन्ही टोकं बंद करून वेल्ड करायचं नाही, आतली हवा तापून वितळलेला रस बाहेर उडतो. बेसप्लेटला मध्ये भोक ठेवा. ७०-८० अँपिअरवर सुरू करा. टाक्यात बारीक भोकं पडली तर तिथे जस्त राहिलंय, वरून दुसरा थर न चढवता ग्राइंड करून परत मारा.

स्लॅग (टाक्यावरची कवची) झाडून, वायर ब्रश मारून, धातू कोरडा असताना कोल्ड गॅल्वनायझिंगचे, म्हणजे जस्ताच्या पुडीच्या रंगाचे, दोन हात द्या. दुकानात सिल्व्हर पेंट पुढे करतील. दिसायला तसाच असतो, पण त्यात ॲल्युमिनियमची पूड असते. डब्यावर झिंक रिच लिहिलेलं बघूनच घ्या. लोखंडाला थेट लागलेलं जस्त स्वतः झिजून त्याला वाचवतं, म्हणून खाली रेड ऑक्साइड मारू नका.

गोदाकाठ
बेसप्लेट स्लॅबला फास्टनर मारून बसवणार असाल तर थांबा, वॉटरप्रूफिंग फुटेल. काँक्रीट भरलेल्या मोठ्या कुंड्यांत किंवा पॅरापेटला धरून बसवता येतं का ते आधी बघा.

मूळ प्रश्नकर्ता
पॅरापेट नऊ इंची विटांचं आहे, त्याला पट्ट्यांनी धरतो आणि खाली सुटे ब्लॉक ठेवतो. बेसप्लेट त्या ब्लॉकवर येतील. पुतण्या यू-बोल्ट आवळायला आणि रंगाला असेल, वेल्डिंगच्या दिवशी नाही. पी१०० चा हाफ मास्क नाशिकमध्ये सुटा एक कुठे मिळेल, कुणी सांगेल का?