मदत हवी आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या भावाचा मुलगा आमच्याकडे राहतो आणि तो आपले घर लपवू लागला आहे

सर्वांना नमस्कार.

मी पुण्यात हडपसरला राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. माझे माहेर बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात आहे. माझा भाऊ आणि वहिनी दरवर्षी ऊसतोडीला जातात. मागच्या जून महिन्यात त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे शिकायला आला. त्याच्याविषयी एक गोष्ट अनेक आठवडे माझ्या मनाला लागून राहिली आहे आणि घरात त्यावर बोलून मार्ग निघत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी तो कसा वाढला ते सांगायला हवे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी गावात आली की आई, वडील, धाकटी बहीण आणि तो असे सगळे निघत आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, कारखान्याच्या तळावर कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहत. गावातल्या शाळेच्या पटावर नाव असे, पण वर्षातले पाच-सहा महिने तो शाळेत नसे. अशा मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे हे मला माहीत आहे. परंतु भाऊ-वहिनी पहाटे उसाच्या फडात गेल्यावर दोन वर्षांच्या बहिणीला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे त्याला मागे ठेवणे त्यांना जमले नाही. सातव्या वर्षी तो पाणी भरत होता, चूल पेटवत होता, बहिणीला भरवून झोपवत होता. किती मोळ्या झाल्या म्हणजे गाडी भरते, हे तो आजही तोंडी सांगतो.

शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाला अनुरूप वर्ग मिळाला पाहिजे, म्हणून त्याला चौथीत प्रवेश मिळाला. वाचन मात्र दुसरीच्या मुलाइतके. तिकडे तो घरातला जबाबदार मोठा मुलगा होता, इथे त्याच्यापेक्षा लहान मुले त्याला शुद्धलेखन सांगतात. हा बदल त्याच्यासाठी किती मोठा असेल, याचा विचार मी पहिले काही महिने केलाच नाही, आणि याचे मला आता फार वाईट वाटते. मी अभ्यासाच्या मागे लागले आणि भाषेच्याही. तो ‘कामून’ म्हणाला की मी ‘का’ म्हणायला लावायचे. ‘मपलं दप्तर’ म्हणाला की ‘माझं दप्तर’. वर्गात मुले हसतात, त्याला त्रास होऊ नये, एवढाच माझा हेतू होता. गणपतीपर्यंत त्याचे बोलणे बदलले खरे, पण ते कमीही झाले. शाळेत तो विचारल्याशिवाय बोलत नाही. घरी माझ्याशी बोलतो, पण एखादा शब्द ओठांवर आला की थांबतो आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहतो.

संक्रांतीच्या सुमारास भाऊ-वहिनीला दोन दिवसांची सवड मिळाली आणि ते मुलीला घेऊन थेट तळावरूनच आमच्याकडे आले. आमच्या इमारतीच्या फाटकाशी याचे दोन वर्गमित्र उभे होते. त्यांनी विचारले तेव्हा याने सांगितले, ‘‘गावाकडचे लोक आहेत,’’ आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘ही माझी आई.’’ वहिनी तीन पावलांवर होती. ती काही बोलली नाही. वर आल्यावर तिने काकवीची बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ त्याच्या शाळेच्या बुटांवरून हात फिरवत बसली. रात्री मात्र तो तिच्या कुशीतच झोपला आणि अंधारात दोघे हलक्या आवाजात कितीतरी वेळ बोलत होते, त्यांच्या बोलीत, न अडखळता.

दुसरी गोष्ट त्याच्या वर्गशिक्षिकांनी सांगितली. त्यांनी मुलांना जुन्या वह्यांचे गठ्ठे बांधायला दिले होते. इतरांचे गठ्ठे सुटत होते. याने सुतळीला पीळ दिला, गठ्ठ्यावर गुडघा टेकला, एकच वेढा घेतला आणि टोक आत खोचून दिले. गाठ नाही, तरी गठ्ठा हलेना. फडात वाढ्याने, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांनी, मोळी बांधतात ती हीच रीत. बाईंनी कौतुकाने विचारले, ‘‘कुठे शिकलास?’’ तो म्हणाला, ‘‘मोबाईलवर बघितलं.’’ बाई हे मला हसत सांगत होत्या, कारण त्यांना यातले काही माहीत नव्हते. मला तिथे उभे राहवेना.

हे मला इतके का लागले, तेही सांगते. मीही ऊसतोड कामगारांचीच मुलगी आहे. मला आजीजवळ गावात ठेवले म्हणून मी शिकले. लग्न होऊन पुण्यात आल्यावर वर्षभरात माझी बोली मी स्वतःच बाजूला ठेवली, आणि आज आईशी फोनवर बोलतानाही ती सहज येत नाही. मी मात्र तेव्हा मोठी होते आणि ते मी ठरवून केले होते. या मुलाच्या बाबतीत ते मी ठरवले.

या काळात थोडे वाचनही केले. युरी ब्रॉनफेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलेली एक कल्पना मला पटली: मूल घर, शाळा, शेजार अशा अनेक वर्तुळांत वाढते आणि ही वर्तुळे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत यावरही त्याची वाढ अवलंबून असते. आमच्याकडे हा जोडच तुटला आहे. शाळेला त्याचे घर माहीत नाही, आईवडिलांनी शाळा पाहिलेली नाही आणि मधे मी एकटी उभी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे, पण हा मुलगा मराठीच बोलतो, त्यामुळे त्याच्या घरची भाषा वेगळी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मूल होते तिथे शाळा गेली. मी मुलाला उचलून शाळेपाशी आणले. ते चुकले असे मी म्हणत नाही, कारण तळावर त्याचे आणखी एक वर्ष वाया गेलेले मला पाहवले नसते.

म्हणून जाणकारांना, विशेषतः शिक्षकांना आणि लहानपणी नातेवाइकांकडे राहून शिकलेल्यांना, माझी विनंती आहे की त्यांनी अनुभवाने सांगावे. भाषा सुधारणे मी थांबवले आहे आणि आता त्याच्याशी मुद्दाम आमच्या बोलीत बोलते, पण तो उत्तर पुस्तकी मराठीतच देतो. हे असेच चालू ठेवावे की त्यामुळे तो आणखी गोंधळेल? वर्गशिक्षिकांना सगळे सांगावे असे मला वाटते, परंतु जे त्याने स्वतः लपवले ते त्याला न विचारता मी उघड केले, तर माझ्यावरचा त्याचा विश्वास राहील का? घरी मोकळा बोलणारा मुलगा शाळेत इतके महिने गप्प राहत असेल तर समुपदेशकांना दाखवणे आवश्यक आहे का, की थोडी वाट पाहावी? आणि ‘‘ही माझी आई’’ या वाक्याविषयी मी त्याच्याशी अजून एक शब्दही बोललेले नाही. ते बोलावे का, आणि बोलायचे तर कसे?

पट्टा पडायला साधारण तीन आठवडे आहेत. गावी परतताना भाऊ-वहिनी त्याला सुट्टीसाठी न्यायला येणार आहेत. वहिनीने फोनवर विचारले आहे, ‘‘ताई, खाली रस्त्यावरच थांबू का आम्ही?’’ मी तिला वर ये म्हणाले आहे. त्या दिवसाआधी त्या मुलाशी मी काय बोलावे, एवढे तरी कृपया सांगा.