आमच्या घरातले हजान : अनुभव धागा

परवा बेने इस्राएलांच्या (म्हणजे कोकण-मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) मराठी कीर्तनांचा विषय निघाला आणि गप्पा भलत्याच रंगल्या, म्हणून हा वेगळा धागा. 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी बायबलातल्या कथांवर साकी-दिंडीत आख्यानं रचून कीर्तनं सुरू केली, इथवर बऱ्याच जणांना माहीत होतं. मला हवंय ते त्याच्या अलीकडचं. तुमच्या घराशी पिढ्यान्‌पिढ्या जोडला गेलेला एखादा हजान किंवा कीर्तनकार असेल, तर त्याच्याबद्दल लिहा. (हजान म्हणजे सिनेगॉगमध्ये सगळ्यांच्या वतीने प्रार्थना गाणारा.) नावं शक्यतो टाळा, त्यांची नातवंडं इथे वाचत असतात.

अश्दोदची नात

मीच सुरुवात करते. आमचे हजान नात्याचे नव्हते, पण आईचं लग्न त्यांनी लावलं, मामाच्या बारशाला ते होते आणि आजी गेली तेव्हा दारात सगळ्यात आधी तेच. आठवडाभर रेल्वेत कारकुनी आणि शुक्रवारी संध्याकाळी पांढरा सदरा घालून तेबावर, म्हणजे सिनेगॉगमधल्या प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, उभे. पगारी हजान परवडेल अशी आमची मशीद नव्हती. (हो, आमची म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची.)

मला ते आठवतात मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या-आभाराच्या विधीच्या, ताटासमोर. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओल्या नारळाचा चव, वेलची, सुकामेवा, वर फळं आणि कडेला एखादं गुलाबाचं फूल. ‘एलियाहू हनाबी’ हे एलिया संदेष्ट्याचं गाणं त्यांनी सुरू केलं की ते लवकर संपत नसे. आम्हा पोरांचं लक्ष खजुरावर, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक. डोळे मिटून गाता गाता एक डोळा उघडायचे, पुढे आलेल्या हाताकडे बघायचे, आणि खुशाल आणखी एक कडवं घ्यायचे! आम्ही देश सोडला त्याच्या आदल्या आठवड्यात घरी मलिदा केला. त्या दिवशी मात्र कडवी मोजकीच घेतली त्यांनी. आई अजून म्हणते, घाई कसली होती कोण जाणे.

इथे इस्राएलमध्ये, अश्दोदला, आमच्या वस्तीतल्या सिनेगॉगमध्ये आता तरुण पोरं ‘लेखा दोदी’ (शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या स्वागताचं गाणं) श्लोमो कार्लेबाख या गाणाऱ्या रब्बीच्या चालीवर म्हणतात. कार्लेबाख 1994 मध्ये गेला, पण त्याच्या चाली जगभर पसरल्यात. शब्द सफेद गावच्या अल्काबेत्स या कवीचे, सोळाव्या शतकातले. चाल ज्याला जी आवडेल ती. ऐकायला गोडच आहे, टाळ्या वाजवत म्हणतात. आई त्या वेळी ओठ मिटून बसते. माझ्या मुलाला तिने फोनवरून एकेक ओळ म्हणवून घेत हजानांची चाल शिकवली. तो सिनेगॉगमध्ये सगळ्यांबरोबर गातो आणि घरी टेबलाशी आजीची चाल म्हणतो. त्याला यात काही अवघड वाटत नाही, आम्हालाच वाटतं.

ठाण्याचा तबलजी-पुत्र

आम्ही हिंदू, पण आमचाही धागा आहे म्हणून लिहितो. वडील एका बेने इस्राएल कीर्तनकारांना तबल्यावर साथ करायचे. बिदागी फार नसे, पण नारळ आणि जेवण ठरलेलं. योसेफाचं आख्यान त्यांचं खास. भाऊ त्याला विहिरीत टाकतात, मग व्यापाऱ्यांना विकतात, तिथे बुवा पेटी थांबवून नुसत्या आवाजावर साकी म्हणायचे. वडिलांना तिथे हात मांडीवर ठेवून गप्प बसायची सक्त ताकीद होती. पुढे मिसर देशात भावांची भेट झाली की बुवा मान हलवून खूण करायचे आणि वडील असा ठेका धरायचे की मागच्या बाया डोळे पुसता पुसता टाळ्या वाजवत.

वडील हे सगळं घरी आम्हाला रंगवून सांगत. पुष्कळ वर्षं मी योसेफाला आपल्याकडचाच कुणी भक्त समजत होतो, ध्रुव-प्रल्हादाच्या पंगतीतला. बुवा गेल्यावर त्यांच्या मुलीने आख्यानाची वही वडिलांना दाखवायला आणली होती. समासात ठिकठिकाणी लाल शाईने लिहिलेलं : ‘तबला बंद’.

मागच्या बाकावरचा

सगळे इतकं गोड लिहिताहेत, मी जरा मीठ टाकतो. आमचे हजान प्रेमळ वगैरे अजिबात नव्हते. दारफळणीच्या सणाला (योम किप्पूर, आमचा मोठा उपास) दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही, डोकं गरगरतंय, आणि मी नि माझा चुलतभाऊ कशावर तरी फिदीफिदी हसलो. गाणं न थांबवता त्यांनी नुसतं बोट दाराकडे केलं. वडिलांनी घरी आणखी वेगळं दिलं. सूर मात्र खणखणीत, माइकची गरज नाही. माझ्या बार मित्स्वासाठी (तेराव्या वर्षीचा मुलाचा धार्मिक विधी) त्यांनी मला शिकवलं तेव्हा एक चूक झाली की अख्खा परिच्छेद पहिल्यापासून. माणूस आवडला असं म्हणणार नाही. परिच्छेद अजून पाठ आहे.

अलिबागकर

आमचं घर इस्राएल आळीच्या तोंडाशी. तिथलं मागेन आबोथ सिनेगॉग 1848 चं, आताची वास्तू 1910 ची. लोक इस्राएलला गेले तशी आळी रिकामी झाली आणि सणाला मिन्यानचे, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवायचीही पंचाईत होऊ लागली. मग मुंबईहून एक हजान यायचे, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून एसटी. दारफळणीच्या उपासाच्या आदल्या दुपारी आमच्याकडे चहा घ्यायचे, हा रिवाज माझ्या आजोबांपासूनचा. बिनखवल्यांचं त्यांच्या धर्मात चालत नाही, म्हणून आई त्यांच्यासाठी खवल्यांचा मासा आणून ठेवायची, कोलंबी-खेकडा त्या दिवशी घरात शिजत नसे. त्यांनी कधी तसं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ‘एल नोरा अलिला’ हे शेवटच्या प्रार्थनेचं गाणं सुरू झालं की आई कामं टाकून पायरीवर येऊन बसायची. अर्थ तिला कळत नव्हता, पण आता शोफार (मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा) वाजणार आणि बिचाऱ्यांचा उपास सुटणार एवढं कळायचं. लगेच स्टो पेटवायची.

अश्दोदची नात

अलिबागकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. एक विचारायचं होतं. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात बेने इस्राएलांच्या चाली आहेत, पण आमच्या हजानांची चाल थोडी वेगळी होती. कुणाकडे त्या काळातलं घरगुती रेकॉर्डिंग आहे का?

मागच्या बाकावरचा

माझ्याकडे एक कॅसेट आहे. तुमचे हजान ते हेच असतील असं नाही, पण मुंबईचेच आहेत. फक्त ती लावायला यंत्र नाही. ठाण्यात कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर आहे?

ठाण्याचा तबलजी-पुत्र

आहे. बाबांचा, अजून झकास चालतो. शनिवार, म्हणजे तुमचा शब्बाथ, सोडून कधीही या, नाहीतर तुमचे हजान परत बोट दाखवतील.