कॅम्पर ओढण्यासाठी ट्रान्समिशन कूलर कोणता घ्यावा?

घाटवाटा:
नमस्कार. आम्ही डेन्व्हरला राहतो. माझ्याकडे २००४ ची शेव्ही सिल्वेराडो १५०० आहे, इंजिन ५.३ लिटरचे व्ही-८ आणि ट्रान्समिशन चार गियरचे ४एल६०ई. गेल्या महिन्यात एक वापरलेला कॅम्पर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) घेतला, तो सामान आणि पाण्यासकट काट्यावर ४,२०० पौंड भरला. जुलैअखेर आय-७० महामार्गाने आयझेनहावर बोगद्यातून युटामधल्या मोॲबला जायचे आहे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि बोगदा ११,००० फुटांच्या वर, तेव्हा घाट कसा असेल ते वेगळे सांगायला नको. ट्रान्समिशनचे तेल तापून गाडी वाटेत बसू नये म्हणून वेगळा कूलर बसवावा असे मनात आहे. बजेट १५० डॉलर. कॅम्परने खिसा आधीच रिकामा केला आहे. बसवणार मी स्वतःच.

ऑस्टिनकर:
कूलर घ्यायचा तर एकदाच मोठा घ्यावा. मी ४०,००० पौंडांचे रेटिंग असलेला ट्रू-कूल, त्याला वेगळा पंखा आणि खाली तेलाचे ॲल्युमिनियमचे खोल पॅन असे सगळे बसवले, ते साडेसहाशेच्या आसपास पडले. इथल्या १०५ अंश फॅरेनहाइटच्या उन्हात बोट ओढतो, पण तेलाचा काटा १७० वरून हलत नाही.

घाटवाटा:
बजेट १५० आहे हो.

ऑस्टिनकर:
ट्रान्समिशन नवे टाकावे लागले की हजारांत खर्च जातो, त्यापुढे साडेसहाशे म्हणजे काहीच नाही.

अण्णा_एडिसन:
हे सगळे अमेरिकन लाड आहेत. आमच्या वडिलांचा ट्रक माल भरून खंबाटकी घाट चढायचा, कुठला कूलर आणि कुठले काय. फार तर वर थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालायचे, क्लीनर चहा घेऊन येईपर्यंत इंजिन निवलेले असायचे.

जुना_मेकॅनिक:
अण्णा, आपल्या वडिलांच्या ट्रकला हाताने टाकायचे गियर होते, म्हणून ही तुलना लागू होत नाही. क्लचचा गियरबॉक्स एवढा तापत नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गियर यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो लॉक नसला की आत तेल घुसळले जाते आणि बहुतेक उष्णता तिथेच तयार होते. चढावर गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गियरमध्ये, ठेवली तर ट्रान्समिशन सारखे खालीवर गियर बदलत राहते, लॉक सुटतो आणि तेल भराभर तापते. १७५ ते २०० अंश फॅरेनहाइट हे नेहमीचे तापमान समजावे. त्यापुढे दर २० अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे.

घाटवाटा, पैसे घालवण्याआधी ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर केएनपी हा कोड आहे का ते पाहा. असल्यास कारखान्यातूनच बाहेरचा कूलर बसवून आलेला आहे. नसल्यास नळीवाला घेऊ नका, थरांच्या पट्ट्यांचा घ्या. नळीवाल्यात सगळे तेल एकाच लांब नळीतून फिरते, पट्ट्यांच्या कूलरमध्ये ते अनेक वाटांनी जाते, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त निवते. रेडिएटरमधला मूळ कूलर मात्र काढू नका. तेल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून आणि तिथून परत ट्रान्समिशनमध्ये, असे फिरू द्या. तुमच्याकडच्या हिवाळ्यात तेल गरम होण्यासाठीही तो रेडिएटर लागतो.

रानजाई:
पट्ट्यांचाच घ्या, हे वर सांगितलेच आहे. मी बसवण्याबद्दल सांगते, कारण ती चूक मी केली आहे. पाकिटात रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या काड्या येतात, त्या मी वापरल्या. दोन वर्षे कूलर एसीच्या कंडेन्सरवर घासत राहिला, त्याला भोक पडले आणि ऐन ऑगस्टमध्ये एसीतला गॅस गेला. पट्टीचे ब्रॅकेट करून चौकटीला बोल्टने बसवावा. पाइपही ट्रान्समिशन तेलासाठीचाच हवा. मी घरात पडलेला पेट्रोलचा पाइप लावला होता, तो क्लॅम्पपाशी फुगला आणि व्हेल खिंडीच्या उतारावर रस्त्यावर लाल रेघ उमटत गेली. मागच्या गाडीवाल्याने दिवे दाखवले म्हणून कळले.

तळेगावकर:
भंगारवाल्याकडे केएनपी असलेल्या जुन्या सिल्वेराडोचा कूलर तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळतो, ब्रॅकेटसकट, आणि भोकांना भोके जुळतात. बाकी इथे सगळे फॅरेनहाइटमध्ये का बोलतात? सेल्सिअसमध्ये ८० ते ९३ अंश म्हटले की चटकन कळते.

ऑस्टिनकर:
अमेरिकेत गाडीचा काटाच फॅरेनहाइटमध्ये असतो.

जुना_मेकॅनिक:
भंगारातला नको. त्या गाडीचे ट्रान्समिशन जळाले असेल तर धातूचा कीस कूलरच्या पट्ट्यांत अडकून राहतो, कितीही धुतला तरी तो पूर्ण निघत नाही, आणि नंतर तुमच्या ट्रान्समिशनमध्ये उतरतो.

तळेगावकर:
माझा सहा वर्षे चालतो आहे.

घाटवाटा:
सर्वांचे आभार. ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर मुलाने डायनासोर चिकटवला होता, तो ब्लो ड्रायरने गरम करून काढला. केएनपी नाही.

दरम्यान ऑफिसमधल्या मित्राकडून ट्रान्समिशनचे तापमान दाखवणारा ओबीडी रीडर आणला आणि शनिवारी भरलेला कॅम्पर जोडून बोगद्यापर्यंत जाऊन आलो. बाहेर ८४ अंश होते. वाटेतल्या फ्लॉइड हिलपर्यंत ओव्हरड्राइव्हमध्ये तेल २२१ पर्यंत गेले. मग गियर तिसऱ्यावर आणून टो-हॉल (ओझे ओढताना गियर बदलण्याची पद्धत बदलणारे बटण) चालू केले, उजवी लेन धरून ताशी ४५ मैलांच्या वेगाने चढलो. इंजिन ओरडत होते, पण बोगद्यापर्यंत आकडा १९६ च्या वर गेला नाही. परतीच्या उतारावर मात्र वेगळेच लक्षात आले. कॅम्परबरोबर आलेला जुना ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून कॅम्परचे ब्रेक लावणारे यंत्र) पेडल दाबल्यावर आधी विचार केल्यासारखा थांबतो, आणि तेवढ्यात कॅम्पर गाडीला मागून ढकलतो. म्हणून त्या दीडशेत कूलर न घेता ट्रकचा वेग जितक्या झपाट्याने कमी होतो त्या प्रमाणात जोर लावणारा नवा ब्रेक कंट्रोलर मागवला आहे.

ऑस्टिनकर:
इतक्या जणांनी इतके लिहिले आणि तुम्ही घेतले काय, तर ब्रेक.

रानजाई:
मोॲबचा रस्ता ग्रँड जंक्शननंतर तापतो, तिथे ८४ नाही, १०० असते. सकाळी लवकर निघा.

जुना_मेकॅनिक:
निदान तेल आणि फिल्टर बदलून जा, आणि डेक्सरॉन-६ या ट्रान्समिशन तेलाच्या दोन बाटल्या सोबत ठेवा. पातळी पाहाल ती इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना पाहा.

घाटवाटा:
बाटल्या घेतल्या. तेल बदलायला रविवारी बसतो आहे. पॅनचा मागचा एक बोल्ट एक्झॉस्टच्या पाइपआड लपला आहे, त्याला कोणता पाना लागतो ते कृपया कोणीतरी सांगा.