मदत हवी आहे : सोसायटीतला कोनोकार्पस काढायचा, पण रीतसर कसा?

नमस्कार मंडळी. आमच्या बडोद्यातल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला कोनोकार्पस या शोभेच्या परदेशी झाडांची रांग आहे. बिल्डरनेच लावलेली. बारा महिने हिरवीगार, पाणी घाला न घाला. पण थंडीत फुलोरा आला की आजूबाजूच्यांच्या शिंका सुरू, आणि मुळं थेट गटाराच्या चेंबरात. झाकण उघडलं की आत केसांच्या गुंत्यासारखी जटा!

गुजरात सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये हे झाड लावायलाच बंदी घातली, जंगलात आणि बाहेरही. कारणं हीच: परागकणांमुळे सर्दी-खोकला-दमा, आणि मुळांमुळे ड्रेनेज व केबलचं नुकसान. नवीन लावायचं नाही हे कळलं. पण आहेत त्यांचं काय? आमचे सेक्रेटरीकाका म्हणतात, "बंदीचं झाड आहे, तोडून टाकू." मला ते पटत नाही. उद्या कोणी परवानगीचा कागद मागितला तर?

दुसरं म्हणजे, 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोकांच्या मदतीने स्थानिक झाडं-प्राण्यांची नोंदवही करणं हे तिचं काम. शहरात अशा समितीपर्यंत कोणी पोचलंय का? अर्ज कोणाच्या नावे करायचा?

कोनोकार्पसच्या जागी अडुळसा, निर्गुडी, करवंद लावावं असं मनात आहे. काहींना काट्यांमुळे करवंद नको, मला तर कुंपणाला तेच हवं. काळ्या मातीत कुंपण दाट व्हायला किती वर्षं लागतात? रोपं कुठे मिळतील? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.