क्लॉक जनरेटर चिपची रजिस्टर्स डेटाशीटविना कशी ओळखावीत?

राजारामपुरीकर (प्रश्न)

कोल्हापुरातच जुन्या बाजारात मिळालेल्या ७७५ सॉकेटच्या (इंटेल प्रोसेसरच्या) मदरबोर्डसाठी मी लिनक्स ड्रायव्हर लिहीत आहे. संगणक चालू असतानाच एफएसबीची (प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या बसची) वारंवारता बदलता यावी, हा हेतू आहे. १४.३१८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलशेजारील क्लॉक चिपवरचा (ही वारंवारता तयार करणाऱ्या चिपवरचा) क्रमांक पुसट झाल्याने डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, शोधता येत नाही. एसएमबसवर (मदरबोर्डवरील चिप्सशी बोलण्याच्या संथ बसवर) हेक्स ६९ या पत्त्यावर ती उत्तर देते, मात्र बाइट पद्धतीने डंप (सर्व रजिस्टर्सची, म्हणजे चिपमधील सेटिंगच्या कप्प्यांची, नोंद) घेतल्यास पहिल्या अर्ध्या भागात काहीच अर्थपूर्ण दिसत नाही. थेट लिहून पाहावे काय?

उद्यमनगर_वर्कशॉप

लिहिण्याची घाई करू नये. या चिप्स मुळात ब्लॉक पद्धतीने (अनेक बाइट एकाच व्यवहारात) बोलतात; त्यांपैकी अनेकींत कमांड बाइटचा सर्वांत वरचा बिट १ असला, तरच सुटा बाइट वाचता येतो. म्हणून आपल्या डंपमध्ये हेक्स ८० पासून पुढे पाहावे, किंवा सरळ ब्लॉक वाचन करावे.

खरी माहिती बायोसकडून काढून घ्यावी. सेटअपमध्ये एफएसबी २०० ठेवून एक डंप घ्यावा, मग २०१, २०२, २१० असे बदलत प्रत्येक वेळी लिनक्स सुरू करून नवा डंप घ्यावा आणि ते शेजारी-शेजारी ताडून पाहावेत. मूळ वारंवारतेवर चिप सहसा आपल्या ठरीव तक्त्यावरून चालते. २०१ करताच एम आणि एन या भाजकांना अधिकार देणारा बिट उठतो, आणि त्यानंतर केवळ एनचा बाइट सरकत राहतो. सूत्र साधारणपणे १४.३१८ गुणिले एन भागिले एम, आणि त्यावर आणखी एक भाजक, असे असते. आयसीएस या कंपनीच्या काही चिप्समध्ये एनमध्ये ८ आणि एममध्ये २ मिळवावे लागतात. तीन-चार नोंदी हाती आल्या की हे गणित कागदावर सुटते. स्प्रेड स्पेक्ट्रम (रेडिओ अडथळा कमी करण्यासाठी वारंवारता किंचित हलती ठेवण्याची सोय) चालू-बंद करून त्याचाही बिट याच रीतीने ओळखता येईल.

शाहूपुरी_लिनक्स

वरील पद्धतीशी सहमत आहे. लिहिण्याची वेळ येईल तेव्हा एम आणि एन वेगवेगळे लिहू नयेत, कारण दोन लेखनांच्या मधल्या क्षणी भलतीच वारंवारता बाहेर पडू शकते. संपूर्ण ब्लॉक वाचून, हवे तेवढेच बिट बदलून, तो एकाच व्यवहारात परत लिहावा. चिपची रजिस्टर्स वीज जाताच पुसली जातात, त्यामुळे संगणक गोठला तरी पुरवठा तोडणे पुरते. डिस्कवरील माहितीला मात्र हे अभय नाही, म्हणून प्रयोग लाइव्ह यूएसबीवरूनच करावेत. हेक्स ५० ते ५७ या पत्त्यांना चुकूनही हात लावू नये, कारण तिथे रॅमची एसपीडी ईईप्रॉम (रॅमची स्वतःची माहिती साठवणारी चिप) असते आणि तिच्यात लिहिलेले कायम राहते.

राजारामपुरीकर

आभारी आहे. ऑसिलोस्कोप हाताशी नसताना वारंवारता खरोखर बदलली, हे कसे पडताळावे?

उद्यमनगर_वर्कशॉप

प्रोसेसरचा टीएससी (त्याच्या आतला वेळमोजणी गणक) एफएसबीबरोबर धावतो, तर एसीपीआयचा पीएम टायमर (मदरबोर्डवरचा स्वतंत्र गणक) क्रिस्टलच्या एक चतुर्थांश, म्हणजे ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर अढळ राहतो. ठरावीक अंतराने दोन्ही वाचून त्यांचे गुणोत्तर काढल्यास बदल थेट दिसतो. कर्नलने टीएससी आणि लोकल एपिकचा (प्रोसेसरमधील इंटरप्ट नियंत्रकाचा) टायमर बूटच्या वेळीच मोजून ठेवलेले असतात. त्यामुळे एफएसबी बदलल्यावर त्याचे वेळेचे हिशेब चुकतात आणि लॉगमध्ये टीएससी अस्थिर असल्याची नोंद येऊ शकते. ड्रायव्हरने वारंवारता बदलण्यापूर्वी क्लॉकसोर्स (कर्नल वेळ ज्यावरून मोजते तो गणक) पीएम टायमरवर नेलेला असावा. लोकल एपिकचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही, त्याचे मोजमाप नव्याने करावेच लागेल.